हाय-फाय सोसायटीत भाड्यानं फ्लॅट घ्यायचा का? संभाजीनगरात नवीन येणाऱ्यांसाठी

आम्ही लातूरचे. मला शेंद्र्याला नोकरी लागली आणि नवऱ्याची बदली वाळूजला झाली, म्हणजे एक जण शहराच्या ह्या टोकाला आणि दुसरा त्या टोकाला, म्हणून मधोमध पडेल असा फ्लॅट बीड बायपासच्या बाजूला बघायला लागलो. पहिल्याच रविवारी ब्रोकरनं एका मोठ्या सोसायटीत नेलं. डिसेंबरची दुपार, गार वारं, गॅलरीतून सातारा डोंगर दिसायला, खाली निळाशार स्विमिंग पूल, लॉबीत काचेचं झुंबर. दोघांनी एकमेकाकडं बघितलं आणि तिथंच टोकन देऊन मोकळे झालो.

अकरा महिन्यांनी सामान उचललं. त्या अकरा महिन्यात पूलमध्ये मी किती वेळा उतरले असेन? सात वेळा. कारण एप्रिल ते जुलै, म्हणजे ज्या दिवसात पोहावंसं वाटतं नेमकं तेव्हाच, पाणीटंचाई म्हणून पूल बंद होता.

दुसऱ्यांदा घर शोधलं तेव्हा परत सोसायटीच घेतली, त्यामुळं मी काही ह्या सोसायट्यांच्या विरोधात नाही. फक्त दुसऱ्या वेळी बघायची पद्धत बदलली. ती खाली सांगते. भाव आणि आकडे आमच्या फ्लॅटचे आहेत, तुमचे वेगळे निघतील, हिशोब मात्र असाच मांडा.

१. आधी खरं भाडं काढा

जाहिरातीत दिसतं ते भाडं म्हणजे नुसता मुखडा असतो. आमच्या टू बीएचकेचं भाडं होतं २४,००० आणि आम्ही तेवढंच डोक्यात धरून बसलो होतो. नंतर कळलं ते असं:

- भाडं २४,०००
- मेंटेनन्स ३,८०० (मालक म्हणाला "तो तर भाडेकरूच देतो सगळीकडं")
- दुसऱ्या गाडीचं पार्किंग १,०००
- जनरेटरच्या युनिटचे वर्षाच्या सरासरीनं महिना ५००
- उन्हाळ्यात टँकरची वर्गणी, बारा महिन्यांवर वाटली तर महिना ४००
- एकदाच गेलेले: ब्रोकर २४,०००, सोसायटीचा शिफ्टिंग चार्ज ३,०००, क्लबहाऊसचं भाडेकरूंसाठीचं वेगळं कार्ड ५,०००. हे ३२,००० अकरा महिन्यांवर वाटले की महिना २,९०० च्या आसपास

बेरीज करा, ३२,६००. चोवीस हजाराचा म्हणून घेतलेला फ्लॅट साडेबत्तीसच्या वर गेला आणि ह्यात पेट्रोल नाही, पिण्याच्या पाण्याचे जार नाहीत. त्याच वेळी गारखेड्यात माझ्या मैत्रिणीनं बंगल्याचा वरचा मजला १४,००० ला घेतला होता, लाईट बिल सोडलं तर वरखर्च काहीच नाही. म्हणजे सोसायटीच्या सोयींसाठी आम्ही महिन्याला अठरा हजार जास्त मोजत होतो. मग स्वतःला विचारायचं की त्या अठरा हजारात मला रोज काय मिळतंय? आठवड्यातून एकदा वापरायच्या जिमला हे पैसे जात असतील तर बाहेर जिम लावलेली स्वस्त पडते. पण रात्री एकटी घरी असताना खाली वॉचमन आहे आणि पोरगं खाली खेळतंय ह्याची किंमत ज्यांना कळते त्यांना ती कळते, त्याचा हिशोब मी तुमच्यासाठी मांडू शकत नाही.

एक बारीक गोष्ट. मेंटेनन्स महिना ७,५०० च्या वर गेला आणि सोसायटी जीएसटीत असली तर त्यावर १८ टक्के लागतात. टॉवरवाल्या मोठ्या फ्लॅटला हे लागू पडू शकतं, तेव्हा "मेंटेनन्स टॅक्स धरून किती" असंच विचारा.

दुसरं म्हणजे नॉन-ऑक्युपन्सी चार्ज. फ्लॅट भाड्यानं दिला की सोसायटी मालकाकडून हा घेते, आणि रजिस्टर्ड सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर तो सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, २००१ पासूनचा सरकारी आदेश आहे. हा खर्च मालकाचा. आमच्या मालकानं तो गुपचूप मेंटेनन्समध्ये घुसवला होता आणि आम्ही चार महिने भरत बसलो. मेंटेनन्सची पावती मागा, आकडा तोंडी ऐकू नका.

२. पाणी. इथं सगळ्यात जास्त वेळ घाला

लातूरचा माणूस पाण्याला फसला म्हणलं तर गावाकडचे हसतात. २०१६ च्या एप्रिलला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं आमच्याकडं, पहिल्या गाडीला दहा वॅगन आणि पाच लाख लिटर, ते बघितलेली मी. आणि तरी झुंबर बघून भुलले.

संभाजीनगरचं पाणी येतं पैठणहून, जायकवाडीतून. धरण भरलेलं आहे हे ऐकून खूश होऊ नका, धरणात असणं आणि तुमच्या नळाला येणं ह्यात लई अंतर आहे. ह्या शहरात नळाला रोज पाणी येतं असं धरून कुणी चालत नाही, दोन पाण्याच्या मधे कैक दिवस जातात आणि बायपासच्या पलीकडच्या नव्या वस्त्या वर्षानुवर्षं बोअर आणि टँकरवर निघाल्यात. ब्रोकर सांगेल की नवीन मोठी पाईपलाईन येणार, मग काही टेन्शन नाही. येईल तेव्हा येईल, आज टाकीत काय पडतंय ते विचारा.

आता हा हिशोब करा. माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहरासाठीचं सरकारी माप. १८० फ्लॅट, घरात चार माणसं धरली तर दिवसाला ९७ हजार लिटर. मोठा टँकर १२ हजार लिटरचा. म्हणजे बोअर आटले की त्या सोसायटीला रोज आठ टँकर लागणार, ते पण गाड्या धुणं आणि बागेचं पाणी सोडून. सोसायटी ऑफिसात सरळ विचारा, मागच्या मे महिन्यात रोज किती टँकर आले आणि बिल कुणी भरलं. मेंटेनन्समधून गेलं का वेगळी वर्गणी काढली? उत्तर द्यायला टाळाटाळ झाली की समजून घ्या.

ऑफिसवाल्यापेक्षा वॉचमन खरं बोलतो. आमच्या जुन्या सोसायटीतल्या मामांना मी सामान टाकल्यावर विचारलं, जे आधी विचारायला पाहिजे होतं. ते म्हणाले, "कुठलं बोअर हो ताई, मार्च लागला की टँकरच यायलेत. पहाटं चारला पहिला येतो, तुमच्या बेडरूमच्या खालीच थांबतो." आणि खरंच तिथंच थांबायचा, मोटर लावून.

बघायला जाताना बरोबर टीडीएस मीटर न्या, पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं, पेनासारखं असतंय, ऑनलाईन काही शेकड्यात मिळतं. किचनच्या नळाचं आणि बाथरूमच्या नळाचं, दोन्ही पाणी मोजा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत चांगलं धरतात, दुसरा काही सोर्सच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. आमच्या बाथरूममध्ये १,४०० निघालं होतं, सोडायच्या महिन्यात मोजलं म्हणून कळलं. मीटर नसेल तर डोळ्यानं बघा: शॉवरच्या भोकांना पांढरं बसलंय का, नळाच्या बुडाशी खडूसारखा थर आहे का, काचेच्या पार्टिशनवर डाग आहेत का. असं असलं की गीझरची कॉईल, वॉशिंग मशीन आणि तुमचे केस, तिन्ही गेले.

आणि नोटीस बोर्डाचा फोटो काढा. लॉबीत सगळं गोडगोड असतं पण नोटीस बोर्डावर खरं लिहिलेलं असतं, "पाणीपुरवठा सकाळी ६ ते ८", "लिफ्ट क्र. २ दुरुस्तीसाठी बंद", "थकबाकीदारांची यादी". थकबाकीदार जास्त म्हणजे सोसायटीकडं पैसा नाही, पैसा नाही म्हणजे जनरेटरला डिझेल नाही.

३. लाईट, लिफ्ट आणि पश्चिमेचं ऊन

"शंभर टक्के पॉवर बॅकअप" ह्या शब्दाचा अर्थ प्रत्येक सोसायटीत वेगळा असतो. कुठं फक्त लिफ्ट, जिन्यातले दिवे आणि पाण्याची मोटर. कुठं फ्लॅटमध्ये एक पंखा आणि दोन ट्यूब. पूर्ण फ्लॅट चालतो तिथं जनरेटरच्या युनिटचा रेट महावितरणपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि तो प्रीपेड मीटरमधून कापला जातो, तुम्हाला कळत पण नाही. मे महिन्यात वळवाचं वारं सुटलं, तारा तुटल्या, रात्रभर लाईट गेली आणि आम्ही गार झोपलो, सकाळी बॅलन्स बघितला तर उरलेली झोप उडाली. रेट विचारा आणि बोर्डावरचा कोणता पॉईंट बॅकअपवर आहे तो हात लावून दाखवायला सांगा.

मालकाकडून जुनं लाईट बिल मागा. त्यावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, एप्रिल-मेचा आकडा बघितला की फ्लॅट किती तापतो ते कळतं. थकबाकी आहे का ते पण तिथंच दिसतं.

पश्चिमेकडं तोंड असलेला हॉल आणि वरचा शेवटचा मजला, हे दोन्ही एकत्र आलं तर मराठवाड्यात तो फ्लॅट फुकट दिला तरी विचार करा. चाळीसच्या वर पारा गेला की रात्री अकराला पण भिंत हाताला चटका देते. डोंगराचा व्ह्यू आहे म्हणून आम्ही महिना हजार जास्त दिले आणि मार्च ते जून त्या खिडकीला जाड पडदा लावून बसलो. व्ह्यू बघायचा कुणी?

लिफ्टमध्ये परवाना आणि तपासणीची तारीख लावलेली आहे का बघा. आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला म्हणून दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये "फॉर्म बी" द्यावा लागतो, उंच बिल्डिंग असेल तर सोसायटीला तो दाखवायला सांगायला काही लाजायचं कारण नाही.

४. चुकीच्या वेळी बघायला जाऊ नका

रविवारी दुपारी कुठलीही सोसायटी छानच दिसते. तीन वेळा जा. एकदा पहाटे टँकरच्या वेळेला, एकदा ऑफिसच्या दिवशी सकाळी तुम्ही ज्या वेळेला निघणार त्याच वेळेला, आणि एकदा रात्री आठ-नऊला. रात्री गेल्यावर मोजा की किती खिडक्यात दिवे आहेत. निम्म्या अंधारात असतील तर बरेच फ्लॅट गुंतवणुकीचे म्हणून पडून आहेत, मेंटेनन्स वसूल होत नाही आणि त्याचा भार राहणाऱ्यांवर येतो.

सातारा, देवळाई ह्या बाजूला घर घेत असाल तर एक लक्षात ठेवा, तुम्ही आणि जुनं शहर ह्यांच्या मधे रेल्वेची लाईन आहे. ओलांडायला मोजके रस्ते, संग्रामनगरचा उड्डाणपूल, शिवाजीनगरचा भुयारी मार्ग असे, आणि सकाळी सगळ्यांना एकाच वेळी जायचं असतं. नकाशावर दिसणारं अंतर विसरा, नऊ वाजता गाडी चालवून बघा, पावसाळा असेल तर मोठा पाऊस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी चालवून बघा. मेन रोडपासून गेटपर्यंतचा तुकडा कसा आहे हे पण बघा, आत टाईल्स आणि बाहेर चिखल असं लई ठिकाणी असतं.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इकडं कंपनीत असाल तर कंपनीची बस कुठल्या चौकात थांबते ते आधी विचारा. नवऱ्याचा स्टॉप गेटपासून दीड किलोमीटरवर निघाला आणि मग रोज सकाळी साडेसहाला त्याला सोडायला मीच.

५. नियम वाचा, विशेषतः पाहुण्यांचे

हे कुणी सांगत नाही. आमचे अण्णा गावाकडून ज्वारीचे दोन कट्टे घेऊन आले, पांढरा पायजमा, डोक्याला टोपी. गेटवर त्यांना विचारलं कुणाकडं डिलिव्हरी आहे, आणि मग सर्व्हिस लिफ्टनं वर पाठवलं. ते काही बोलले नाहीत. चहा पिताना एवढंच म्हणले, "तुमच्या इथं यायचं म्हणजे आधी अर्ज करावा लागतो का गं?" वॉचमनचा दोष नाही, त्याला तसंच शिकवलेलं. पण तुमच्याकडं गावाकडून माणसं येत-जात असतील, दवाखान्यासाठी कुणी आठ दिवस राहायला येत असेल, तर आधी विचारा: पाहुणा किती दिवस राहू शकतो, त्याची गाडी कुठं लावायची, रात्री उशिरा आला तर काय.

गच्ची वापरायला मिळते का? उन्हाळ्यात सासूबाई कुरडया-पापड करायला हौसेनं आल्या आणि गच्चीला कुलूप. गॅलरीत वाळत घातलं तर "बिल्डिंगचा लूक खराब होतो" म्हणून ग्रुपवर फोटो टाकला गेला. शेवटी कुरडया गारखेड्याच्या मैत्रिणीच्या गच्चीवर वाळल्या. भाडेकरूंना वेगळी लिफ्ट, वेगळं जिमचं टायमिंग, मीटिंगला बसायला बंदी असले प्रकार पण असतात. नियमावली लेखी मागा, आणि एखाद्या जुन्या भाडेकरूशी पाच मिनिटं बोला. मालक राहणाऱ्यांशी बोलून उपयोग नाही, त्यांना स्वतःच्या फ्लॅटचा भाव जपायचा असतो.

६. कागद: तुम्ही काय बघायचं आणि काय द्यायचं

तुम्ही बघायचं:

- मालकाच्या नावाचा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) किंवा मालमत्ता कराची पावती, आणि समोरचा माणूस तोच आहे का. भाऊ, मेहुणा, केअरटेकर असेल तर त्याच्याकडं मुखत्यारपत्र पाहिजे
- भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे बिल्डिंग राहायला योग्य असल्याचा दाखला. नसेल तर पाण्याचं आणि लाईटचं कनेक्शन कसं घेतलंय ते विचारा
- महारेराच्या (बिल्डरांच्या प्रोजेक्टची नोंदणी करणारं सरकारी प्राधिकरण) वेबसाईटवर प्रोजेक्टचं पान. तिथं कार्पेट एरिया चौरस मीटरमध्ये दिसतो, त्याला १०.७६ नं गुणा. आमचा "साडेबाराशे स्क्वेअर फूट" फ्लॅट तिथं ७६ चौरस मीटर होता, म्हणजे ८१८. कबूल केलेल्या सोयींची यादी पण मिळते
- मेंटेनन्सची शेवटची पावती आणि सोसायटीची ना हरकत

तुम्ही द्यायचं: आधार, पॅन, फोटो, कंपनीचं पत्र किंवा ओळखपत्र, गावाकडचा पत्ता. पोलिसांकडं भाडेकरूची माहिती द्यायची असते, ती ऑनलाईन भरता येते, मालकाकडून भरून घ्या आणि पोचपावतीची कॉपी ठेवा.

टोकन ह्या सगळ्याच्या नंतर. आधी टोकन दिलं की तुम्ही अडकलात आणि ब्रोकर फोन उचलत नाही.

७. अॅग्रीमेंट

"अकरा महिन्याचंच आहे, नोटरी करून टाकू" हे वाक्य तुम्हाला शंभर टक्के ऐकायला मिळणार. महाराष्ट्रात ते चालत नाही. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, करार लेखी आणि रजिस्टर्डच पाहिजे, अकरा महिन्याचा असला तरी, आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची आहे. नाही केला तर वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते धरलं जातं, उलटं सिद्ध होईपर्यंत. हे मालकाला शांतपणे सांगा, बहुतेक जण तयार होतात.

खर्च लई नाही. एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, त्या बेरजेच्या पाव टक्का स्टॅम्प ड्युटी. २४ हजार भाडं, ७२ हजार डिपॉझिट, अकरा महिने, असं धरलं तर सातशेच्या आसपास. वर नोंदणी फी मनपा हद्दीत १,०००, ग्रामीण भागात ५००. ऑनलाईन होतं, अंगठा घ्यायला एजंट घरी येतो, त्याची फी वेगळी, आधी ठरवून घ्या.

अॅग्रीमेंटमध्ये हे शब्दात लिहून घ्या: मेंटेनन्स आणि नॉन-ऑक्युपन्सी कुणी द्यायचा, टँकरची जादा वर्गणी कुणाची, पार्किंगचा नंबर, लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही तो) किती, नोटीस किती, पेंटिंगचे पैसे कापणार का आणि कापले तर किती. आमच्या पहिल्या अॅग्रीमेंटमध्ये नोटीस एकच महिन्याची होती पण लॉक-इन अकरा महिन्याचं, म्हणजे नोटीसला काही अर्थच नव्हता. मे महिन्यातच सोडायचं होतं, नोव्हेंबरपर्यंत बसावं लागलं. दुसऱ्या वेळी लॉक-इन तीन महिन्यांवर आणलं.

पगारात एचआरए, म्हणजे घरभाडे भत्ता, घेत असाल तर वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की मालकाचा पॅन लागतो, आणि नवीन करप्रणाली घेतली असेल तर एचआरएची सूट नाहीच. पॅन द्यायला मालक नाही म्हणणार असेल तर ते आधीच कळलेलं बरं.

८. घ्यायचा का नाही

माझं मत विचाराल तर खरं भाडं, म्हणजे पहिल्या पायरीवर काढलेलं, घरात येणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जात असेल तर नको. लहान लेकरं, शिफ्टमुळं रात्री घरी एकटं राहणारं कुणी, गुडघे दुखणारे आई-वडील, ह्यातलं काही असेल तर सोसायटी कामाची आहे. दोघंच असाल, सकाळी सातला निघून रात्री आठला येणार असाल, तर सिडकोत नाहीतर गारखेड्यात बंगल्याचा मजला बघा, निम्म्या पैशात होतं आणि बायपासवरून येण्याजाण्याची कटकट पण वाचते.

आम्ही आता राहतो ती सोसायटी दिसायला साधी आहे, चार मजले, पूल नाही, लॉबीत प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. पण पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडलंय, टाकी मोठी आहे, गच्चीची चावी वॉचमनकडं मागितली की मिळते. खरं भाडं पडतं २१,५००.

९. चावी घेताना

लाईटच्या मीटरचा, जनरेटरच्या मीटरचा आणि पाईपगॅस असेल तर त्याच्या मीटरचा फोटो काढा. भिंतींचा, बाथरूमच्या छताचा, मॉड्युलर किचनच्या आतल्या कप्प्यांचा व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवा, नुसता काढून ठेवू नका. गीझर चालू करून पंधरा मिनिटं थांबा. आमच्या पहिल्या मालकानं जाताना गीझरच्या कॉईलचे २,२०० कापले, ती कॉईल आम्ही आलो तेव्हाच खारानं पांढरी झालेली होती, पण फोटो नव्हता.